पहिली ते चौथी: वाचन, लेखन आणि नागरिकत्वाच्या पाठांचं नियोजन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राथमिक शाळांचे शिक्षक, वस्त्यांमध्ये वाचनवर्ग चालवणारे कार्यकर्ते आणि अधूनमधून पालकही हे प्रश्न विचारतात. उत्तरं मराठी माध्यमाचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. सेमी-इंग्रजीवाल्यांना त्यातलं बरंचसं चालेल.

भाषेचं टाचण (पाठाची लेखी योजना) वेगळं, परिसर अभ्यासाचं वेगळं, त्यात आता नागरिकत्व. एवढं सगळं लिहायचं कधी?

वेगळं लिहूच नका. पहिली-दुसरीला नागरिकशास्त्र नावाचा विषय नसतो. तिसरीपासून परिसर अभ्यासात तो मिसळून येतो आणि स्वतःच्या नावाने पुस्तकावर दिसायला सहावी उजाडते. म्हणजे लहान वर्गांत नागरिकत्वाला स्वतंत्र तासिका मिळणार नाही, आणि मिळावी असं मला वाटतही नाही. मूल जे वाचतं आणि जे लिहितं, त्याचा विषय आजूबाजूचा घेतला की दोन्ही कामं एकदम होतात. सोसायटीच्या फलकावरची सूचना, रेशन दुकानाची पाटी, पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता हे वाचनाचे पाठ आहेत. नळ गळतोय म्हणून मुख्याध्यापकांना लिहिलेली चिठ्ठी हा लेखनाचा. टाचणात अध्ययन निष्पत्तीच्या (पाठातून मुलाला काय यायला हवं त्याच्या) रकान्यात भाषेची एक आणि परिसराची एक अशा दोन्ही निष्पत्ती लिहा. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) त्याला हरकत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जूनमध्ये सुरुवात पहिल्या पाठापासून करायची ना?

पहिला आठवडा पुस्तक कपाटातच राहू द्या. एकेका मुलाला जवळ बसवून पाच मिनिटं वाचून घ्या. एका कागदावर काही अक्षरं, काही साधे शब्द, चार ओळींचा उतारा आणि आठ-दहा ओळींची गोष्ट, एवढं पुरतं. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून मुलांचं वाचन साधारण असंच तपासते. मूल कुठे अडलं तेवढं लिहून ठेवायचं, गुण द्यायचे नाहीत.

यातून जे दिसतं ते पुष्कळदा झोप उडवणारं असतं. चौथीच्या वर्गात पाच-सहा मुलं अक्षरांवर अडलेली निघतात आणि दोन जणी घरी वर्तमानपत्र वाचत असतात. दोघींना आणि त्या सहांना एकच धडा एकाच दिवशी शिकवायचं नियोजन म्हणजे फक्त कागद भरणं. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरीच्या अखेरीस समजून वाचणारं व्हावं असं आहे. पण चौथीतलं अडलेलं मूल त्या लक्ष्याच्या पुढे निघून गेलं म्हणून त्याला सोडून द्यायचं नसतं.

दिवसांचा हिशेबही आधीच मांडा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे रोजचे चार तास. त्यातून स्नेहसंमेलनाची तयारी, चाचण्या, निवडणुकीची कामं, पाणी तुंबलं म्हणून दिलेली सुट्टी वजा करा. वार्षिक नियोजन दीडशे दिवसांचं करावं, उरले तर उजळणीला येतात.

अक्षरं ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत क्रमानेच शिकवायची का?

म्हणून घ्यायला हरकत नाही, तालावर म्हणायला मुलांना आवडतंच. पण वाचायला शिकवायचा क्रम तो नाही. सगळी मुळाक्षरं संपवायची, मग बाराखडी, मग शब्द, असं केलं तर पहिलीतलं मूल दिवाळीपर्यंत एकही अर्थाचा शब्द वाचत नाही. तोवर त्याची समजूत झालेली असते की वाचन म्हणजे तक्त्यावर छडी फिरेल तसं ओरडणं.

अक्षरांचे छोटे गट करा आणि पहिल्याच गटात काना आणा. क, म, ल, र आणि काना एवढ्या भांडवलावर काका, मामा, मला, काम, लाल, कार, कमाल हे शब्द होतात. ‘कमलला लाल कार’ हे वाक्य पहिल्या पंधरवड्यात मूल स्वतः वाचतं. पुढच्या गटात वेलांटी, मग मात्रा. ऱ्हस्व वेलांटीला वेळ द्यावा लागतो, कारण ती ऐकू येते अक्षरानंतर आणि लिहायची असते अक्षराच्या आधी. ज्याला ते उलटं वाटतं तो ‘की’ लिहून मोकळा होतो.

आपल्या भागात यासाठी एक आयतं साहित्य आहे: ट्रान्स-हार्बर लोकलची (ठाणे-वाशी) स्टेशनं. मुलांना ती तोंडपाठ असतात, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पट्ट्या करा, पण लोकलच्या क्रमाने नाही, अवघडपणाच्या क्रमाने लावा. ‘सानपाडा’मध्ये नुसता काना आहे, तो पहिला. ‘वाशी’त दीर्घ वेलांटी, ‘रबाळे’ आणि ‘ठाणे’त एक मात्रा. ‘घणसोली’त काना-मात्रा, ‘कोपरखैरणे’त दोन मात्रा, ‘ऐरोली’ स्वराने सुरू होतं. ‘तुर्भे’ सगळ्यात शेवटी, कारण त्यात उकारही आहे आणि रफारही. तिथवर आलेल्या मुलाला सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या यांतला चार रूपांचा ‘र’ दाखवायची वेळ झाली असं समजा. नंतर तीच नावं लोकलच्या क्रमाने लावून घेतली की परिसर अभ्यासाचा पाठ सुरू.

मूल धडाधडा वाचतं, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही.

बहुतेक वेळा ते वाचत नसतं, पाठ म्हणत असतं. वाक्य शेवटच्या शब्दाकडून वाचून घ्या, लगेच कळेल. खरंच वाचत असेल आणि तरी अर्थ लागत नसेल तर वाचायच्या आधी बोला: चित्रात कोण आहे, आता काय होईल, तुझ्याकडे असं कधी झालं होतं का. आणि रोज दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, प्रश्न न विचारता. गोष्टीनंतर ‘तात्पर्य काय?’ विचारायची सवय मोडता आली तर उत्तम.

माझ्या वर्गात कोणाच्या घरी आगरी, कोणाच्या हिंदी, कोणाच्या कानडी किंवा तेलुगू. प्रमाण मराठी आधी शिकवू की वाचन?

दिघा, तुर्भे, कळवा, मुंब्रा, घोडबंदर रोड, कुठेही जा, वर्ग असाच भरलेला असतो. बोलणं आधी. जे शब्द मुलाने कधी ऐकलेले नाहीत ते त्याला वाचता आले तरी त्याचा उपयोग नाही. पहिले दोन महिने गाणी, कृती, सूचनांचे खेळ, चित्रावर गप्पा यांना मोठा वाटा द्या. मूल हिंदीत किंवा कानडीत उत्तर देत असेल तर देऊ द्या आणि तेच मराठीत हसतमुखाने पुन्हा म्हणा. फळ्यावर त्याचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी लिहा. त्याच्या घरचा शब्द फळ्यावर आला की मूल ताठ बसतं.

आगरी घरातल्या मुलांबद्दल विशेष सांगायला हवं, कारण ही मुलं मराठीच आहेत असं धरून चालल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पुस्तकात ‘गाडी’ लिहिलंय, मुलीने ‘गारी’ वाचलं. ‘डोळा’ लिहिलंय, तिने ‘डोला’ म्हटलं. तिला अक्षर ओळखू आलं, अर्थ लागला आणि तोंडात घरचा उच्चार आला. ही वाचनातली चूक नाही, तिथे थांबवू नका. लिहिताना मात्र ड-र, ळ-ल, ण-न या जोड्यांवर वेगळे खेळ घ्यावे लागतात, आणि ते सगळ्या वर्गाला घ्यावेत, एकट्या तिला उभं करून नाही. वर्गात ‘गारी’ला हशा पिकला तर तो तिथल्या तिथे थांबवणं हे शिक्षकाचं काम. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली त्याच्या कितीतरी आधीपासून ही बोली इथे बोलली जाते, हे बाकीच्या मुलांना सांगा.

पहिली-दुसरीची मुलं लिहिणार काय? अजून अक्षरही वळणदार नाही.

फळ्यावरचं उतरवून काढणं म्हणजे अनुलेखन. त्याने हाताला वळण लागतं, पण मुलाच्या मनातलं कागदावर येत नाही. रोजच्या भाषेच्या तासात दहा मिनिटं तरी मुलांनी स्वतःचं काहीतरी लिहावं. चित्र काढून खाली एक शब्द लिहिला तरी ते लेखन आहे.

दुसरीतल्या मुलाने लिहिलं असं समजा: ‘काल पानि नवत टॅंकर आला सगले पलाले.’ लाल पेन उचललंत तर पाच-सहा गोल होतील आणि उद्या तो ‘काल मी खेळलो’ एवढंच लिहील, कारण ते लिहिण्यात धोका कमी. त्याऐवजी खाली उत्तर लिहा: ‘सगळे पळाले? मग तुम्हाला पाणी मिळालं का?’ या एका ओळीत त्याला ‘ळ’ तीनदा दिसतो, ‘पाणी’ही दिसतं, आणि बाईंना आपली गोष्ट ऐकायची आहे हेही कळतं. तो उत्तर लिहायला वही पुन्हा उघडतो. त्या आठवड्यात फक्त ‘ळ’ धरा. ऱ्हस्व-दीर्घ तिसरी-चौथीपर्यंत हळूहळू येतं, आणि तुमची-माझीही त्यात अजून गडबड होतेच.

पालक वही बघून विचारतात, ‘बाई चुका तपासत नाहीत का?’ पहिल्या पालकसभेतच ही पद्धत समजावून सांगा, म्हणजे वर्षभर त्रास होत नाही.

मग श्रुतलेखन बंद करायचं?

नाही. आठवड्यातून एकदा, पाच शब्द, मुलांनी त्या आठवड्यात वाचलेलेच. तपासणी जोडीने, मुलांनीच करायची.

नागरिकत्व म्हणजे परिपाठात प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका. ते तर आम्ही रोज घेतो.

घ्याच. पण तेवढ्यावर नागरिकत्व झालं असं समजू नका. ‘सार्वभौम’ हा शब्द सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकायला गोड वाटतो, त्याच्या डोक्यात मात्र त्याला जागा नसते. प्रतिज्ञेतलं एक वाक्य महिनाभर धरा. ‘भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत.’ मग आपल्या वर्गात काल कोणाला खेळात घेतलं नाही? मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट: ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली ती तेलुगूत. तुमच्या वर्गातलं तेलुगू घरातलं मूल हे ऐकून काय करतं ते बघा.

लहान मुलांसाठी नागरिकत्व म्हणजे रांग, पाळी, वाटणी, नियम आणि ते मोडल्यावर काय. वर्गाचे नियम मुलांना ठरवू द्या, तीन-चारच, त्यांच्याच शब्दांत. मुलं स्वतः ठरवतात तेव्हा शिक्षा फार कडक ठेवतात, तिथे तुम्ही मध्ये पडायचं. मॉनिटर दर आठवड्याला बदला. तोच तो हुशार मुलगा वर्षभर नको. झाडू मुलींच्या हातात आणि बाकं उचलायला मुलगे अशी वाटणी आपोआप होत असते, ती एकदा फळ्यावर लिहून दाखवा.

मतदानाचा पाठ तिसरीत छान होतो. शनिवारी कोणती गोष्ट वाचायची? दोन पुस्तकं, दोन डबे, प्रत्येकाला एक खडा. डबे पडद्यामागे ठेवा, नाहीतर सगळे वर्गातल्या दादाचा डबा बघून खडा टाकतात. मोजणी सगळ्यांसमोर. खरा पाठ मोजणीनंतर सुरू होतो: हरलेल्या बारा जणांचं काय? कोणी म्हणेल, त्यांनी गप्प बसावं. कोणी म्हणेल, त्यांची गोष्ट मंगळवारी घ्या. हे बोलणं दहा मिनिटं चालू द्या, तुम्ही निकाल देऊ नका. मोठ्यांना अठराव्या वर्षी मत देता येतं आणि ते कोणाला दिलं हे सांगायचं नसतं, एवढी माहिती पुरे.

एका आठवड्याचं नियोजन नमुन्यादाखल द्याल का?

विषय घेऊ पाणी, कारण पाणी बंदची सूचना आपल्याकडे वर्षभरात कधीतरी येतेच. तिसरीचा वर्ग धरू. खरी सूचना अवघड असते, ती सोपी करून मोठ्या कागदावर लिहा:

‘सूचना. गुरुवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ पाणी येणार नाही. शुक्रवारी पाणी कमी दाबाने येईल. पाणी भरून ठेवावे.’

सोमवारी फक्त गप्पा. पाणी कधी येतं, कोण भरतं, कशात साठवतात. इथे एक सांभाळा: कोणाच्या घरी चोवीस तास पाणी आणि कोणाकडे सार्वजनिक नळ, याची वर्गात तुलना होऊ देऊ नका. मंगळवारी सूचनेचं वाचन, पण गटागटाने वेगळं. अक्षरांवरचा गट ‘पा’ आणि ‘णी’ शोधून गोल करतो, शब्दांवरचा गट वार आणि वेळ शोधतो. गोष्ट वाचणारा गट चार प्रश्नांची उत्तरं लिहितो: ही सूचना कोणी लिहिली असेल, कोणासाठी, कमी दाबाने म्हणजे काय, ज्याला वाचता येत नाही त्याला हे कसं कळणार? शेवटच्या प्रश्नावर मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

बुधवारी पाण्याचा प्रवास. नवी मुंबईत असाल तर गोष्ट सरळ आहे: रायगड जिल्ह्यात खालापूरकडे मोरबे धरण, ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं, भोकरपाड्याला पाणी शुद्ध होतं आणि मग शहरात येतं. ठाण्याची गोष्ट गुंत्याची आहे. महापालिकेची स्वतःची भातसा नदीवरची योजना, स्टेम प्राधिकरण ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असं चार ठिकाणांहून पाणी येतं, म्हणून एका भागात नळ कोरडा असतो तेव्हा शेजारच्या भागात वाहत असतो. मुलांना हे कोडं आवडतं. चित्रांची पट्टी करून घ्या, प्रत्येक चित्राखाली एक वाक्य.

गुरुवारी शाळेतले नळ तपासायचे. गळक्या नळाखाली पेला ठेवून तो किती मिनिटांत भरतो ते मुलांनीच मोजायचं. शुक्रवारी त्यावर एकत्र पत्र. मुलं सांगतील तसं तुम्ही फळ्यावर लिहा, आणि आपली मराठी त्यात घुसडू नका. ‘आमच्या शाळेचा मधला नळ गळतो. पेला आठ मिनिटात भरला. नळ दुरुस्त करा ही विनंती.’ एवढं पत्र उत्तम झालं. मग प्रत्येकाने ते वहीत उतरवायचं, ज्याला जमेल त्याने एक वाक्य स्वतःचं घालायचं. पत्र मुख्याध्यापकांना. गोष्ट शाळेबाहेरची असेल तरच नवी मुंबईत विभाग कार्यालयाला आणि ठाण्यात प्रभाग समितीला, मुख्याध्यापकांच्या सहीने.

शनिवारी बालसभेत पत्र वाचून देणं. उत्तर आलं तर वर्गात लावा. नाही आलं तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, तेही मुलांनीच लिहायचं.

मुलं थेट पक्षांची नावं घेतात. कोणाचे काका नगरसेवक असतात. काय करायचं?

पदाबद्दल बोला, पक्षाबद्दल नाही. नगरसेवकाचं काम काय, त्याच्याकडे कोणती तक्रार न्यायची, आयुक्त कोण असतात. ‘बाई, तुम्ही कोणाला मत दिलं?’ याला ‘ते गुपित असतं’ हे खरं उत्तर आहे आणि पुरेसंही.

क्षेत्रभेट कुठे न्यावी?

चालत जाता येईल तिथे. बसचा खर्च, परवानग्या आणि दिवसभराची दगदग यापेक्षा पाऊण तासात जाऊन येण्यासारखं पोस्ट ऑफिस, भाजी मंडई किंवा अग्निशमन केंद्र बरं. ठाण्यात नौपाड्याच्या आसपास शाळा असेल तर १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. एवढी पुस्तकं एका ठिकाणी मुलांनी कधी पाहिलेली नसतात. तलावपाळीवर फक्त पाट्या वाचायला नेलं तरी तास कमी पडतो. ऐरोलीच्या शाळांना खाडीकिनारा जवळ आहे आणि हिवाळ्यात फ्लेमिंगोही. जाण्याआधी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून न्यायचा, परत येऊन उत्तर लिहायचं. निबंध लिहायला लावू नका.

वर्गात ४५ मुलं आणि मी एकटी. गट कसे करणार?

कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथे हा विषय लेखी मांडा. तोवर तीन गट करा, रोज एकाच गटासोबत वीस मिनिटं जमिनीवर बसा. बाकीचे दोन गट जोडीवाचन आणि लेखन करतील. पहिले दोन आठवडे गोंधळ होईल, तो होऊ द्या.

पुस्तकं कुठून आणायची? निधी नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या छापून वापरता येतात. पण सगळ्यात जास्त वाचली जातात ती वर्गातल्या मुलांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं: आठ कागद, मधून शिवलेले, कव्हरवर लेखकाचं नाव. वाचन कोपऱ्यात दोरीवर लावून ठेवा. कुलूपबंद कपाटात ठेवू नका, फाटली तर फाटली.

प्रगतीच्या नोंदीत काय लिहायचं?

‘वाचनात गोडी आहे’, ‘प्रगती समाधानकारक’ या वाक्यांनी पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीही कळत नाही. जे पाहिलं ते लिहा: ‘काना-मात्रेचे शब्द वाचते, उकारावर थांबते. स्वतःची तीन वाक्यं लिहिते. गटात दुसऱ्याला बोलू देते.’

बांधकामावरच्या कुटुंबांतली मुलं मध्येच येतात आणि मध्येच जातात. त्यांचं नियोजन कसं करू?

आधी कायदा: वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. आलं त्या दिवशी तीच पाच मिनिटांची वाचनतपासणी करा आणि योग्य गटात बसवा. वर्षभराच्या योजनेत त्याला बसवायच्या भानगडीत पडू नका, सहा आठवड्यांचं छोटं नियोजन करा.

त्याची वेगळी वही ठेवा, त्यात त्याचं स्वतःचं लेखन आणि वाचता येणाऱ्या शब्दांची यादी. ठेकेदाराचं काम संपलं की कुटुंब एका रात्रीत हलतं, दाखला नेतंच असं नाही. वही मात्र मूल नेतं. म्हणून पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा, मराठीत आणि खाली हिंदीत: ‘काना, मात्रा, वेलांटी येते. उकारावर अडतो. जोडाक्षरं अजून झालेली नाहीत. प्राण्यांच्या गोष्टी मागून घेतो.’ त्याखाली शाळेचं नाव आणि फोन नंबर. दर महिन्याला त्या ओळी बदला.